चालतें पाऊल

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत केलेलें भाषण)



या ज्युबिलीच्या व्यवस्थापक मंडळानें आम्हांस दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हां विषयही त्यांनींच नेमून दिला. माणसानें मनाशीं एखादा हेतु धरावा, त्या हेतूच्या दिशेनें चालूं लागावें आणि मध्येंच बसून न राहतां चालत राहावें, हें कसें साधतें, याचा विचार आजच्या सभेंत व्हावा अशी त्यांची इच्छा आहे. आपल्या मंदिराच्या पन्नास वर्षांचा वृत्तांत आपण आतांच ऐकला. पाया कोणाच्या काळांत घातला गेला, छपराचा खर्च कसा उभा राहिला, शाळेची इमारत कितीदां अर्धवट राहिली व कितीदां पुन्हा उचलली गेली, हें सारें त्यांत आलें. संस्थेच्या कार्याला एक मोठा आधार असतो. एक हात थकला म्हणजे दुसरा पुढें होतो. एकट्या माणसाच्या हेतूला हा आधार सहसा नसतो. तो स्वतःच गाडीवान, स्वतःच बैल, आणि पुष्कळदां स्वतःच वाटेंतला खड्डा! म्हणून संस्थेच्या पन्नास वर्षांचा आनंद साजरा करीत असतां एकेकट्याच्या प्रयत्नाचाही विचार व्हावा, हें मंडळाचें म्हणणें आम्हांस योग्य वाटतें.

आपल्या भाषेंत ‘आरंभशूर’ असा एक शब्द आहे. ज्यानें तो प्रथम उच्चारला त्यास मनुष्यस्वभावाची पारख चांगली असली पाहिजे. या शब्दांत निंदा आहे हें उघडच आहे. परंतु त्यांत थोडी स्तुतिही दडलेली आहे, कारण आरंभाला खरोखरच शौर्य लागतें. आपल्या घराघरांतून या शौर्याचीं स्मारकें पाहावयास मिळतात. जिच्या पहिल्या चार पानांवर मोत्यांसारखें अक्षर आहे आणि पुढें सारीं पानें कोरीं आहेत अशी वही. दोन सूर लागले न लागले तोंच खुंटीवर टांगलेलें व्हायोलिन. जानेवारींत मोठ्या हौसेनें घेतलेले आणि मार्चपासून पलंगाखालीं धूळ खात पडलेले पळण्याचे बूट. नव्याचे नऊ दिवस म्हणून या गोष्टी हंसण्यावारी नेतां येतात.

परंतु कांहीं हेतु असे असतात कीं ते सुटले असतां हंसूं येत नाहीं. दहावीच्या परीक्षेंत एकाच विषयांत नापास झालेली मुलगी पुरवणी परीक्षेला बसण्याचा निश्चय करिते; पहिला आठवडा पहांटे उठते; मग घरीं पाहुणे येतात, आई आजारी पडते, चार दिवस पुस्तक उघडलें जात नाहीं, आणि परीक्षेचा अर्ज भरण्याची मुदत केव्हां टळली हें कोणाच्या ध्यानींही येत नाहीं. एका विषयाचें अपयश तिच्या सबंध आयुष्याचें कुंपण होऊन बसतें. कर्ज फेडावयास निघालेला बाप, मद्याचा प्याला खालीं ठेवलेला भाऊ, चाळिशीनंतर अक्षरओळख करून घेऊं पाहणारी बहीण, यांच्या प्रयत्नाला खंड पडला तर एकट्या त्यांचीच हानि होत नाहीं. सारें घर एक पायरी खालीं येतें. आजचा विषय आम्हांस महत्त्वाचा वाटतो तो अशांच्यासाठीं.

प्रथम आरंभ इतका जड कां वाटतो तें पाहूं. आपल्यापैकीं वडीलधाऱ्यांनीं भाताच्या भाऱ्यांनीं भरलेली बैलगाडी हांकली असेल. चाक मातींत बसलें म्हणजे बैलांस जुंपूनही गाडी हालत नसे. दोघांतिघांनीं चाकाच्या आऱ्यांस हात घालून जोर करावा लागे. एकदां मात्र ती हालली कीं तेच बैल तीच गाडी तितक्याच ओझ्यासकट ओढीत दूर नेत. पदार्थविज्ञान हेंच सांगतें: थांबलेली वस्तु हालविण्यास जें घर्षण जिंकावें लागतें, तें चालत्या वस्तूच्या घर्षणापेक्षां सामान्यतः अधिक असतें. यावरून दोन गोष्टी ध्यानीं घेण्याजोग्या आहेत. पहिल्या दिवशीं काम जड वाटलें म्हणून तें आपल्या शक्तीबाहेरचें आहे असें समजूं नये. तो जडपणा थांबलेपणाचा असतो. आणि जो वारंवार थांबतो तो या प्रवासांतली सर्वांत महागडी किंमत पुनःपुन्हा भरीत असतो. रोज थोडें चालणाऱ्याला ती एकदांच भरावी लागते.

तेव्हां पहिल्या दिवसाचा भार हलका असावा. ज्याला इंग्रजी शिकावयाचें आहे त्यानें रोज दोन तासांचा नेम करूं नये. रात्रीं जेवण आटोपल्यावर त्याच खुर्चीवर बसून दहा ओळी वाचाव्या. ‘वेळ मिळेल तेव्हां’ हा शब्दप्रयोग हेतूचा मोठा वैरी आहे. वेळ मिळत नसतो. तो एखाद्या रोजच्या गोष्टीला बांधून ठेवावा लागतो. चहानंतर, सायंप्रार्थनेनंतर, गाडींत बसल्याबरोबर, अशी जी गोष्ट रोज घडतेच तिच्या शेपटाला आपला नेम बांधून द्यावा, म्हणजे स्मरणाचा भार मनावर राहत नाहीं.

या बाबतींत शास्त्रज्ञांनींही शोध केला आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांतील फिलिपा लाली व त्यांचे सहकारी यांनीं २०१० सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ९६ माणसांनीं आपापली एकेक लहान गोष्ट निवडली. कोणी दुपारच्या जेवणाबरोबर फळ खावयाचें ठरविलें, कोणी पाणी पिण्याचें, कोणी रात्रीच्या जेवणापूर्वीं पंधरा मिनिटें धांवण्याचें. बारा आठवडे प्रत्येकानें आपली गोष्ट रोज त्याच प्रसंगानंतर करावयाची, आणि ती मनाला न विचारतां कितपत आपोआप घडते याची नोंद ठेवावयाची. ज्यांच्या नोंदींवरून हिशेब नीट बसला, त्यांच्यांत ही संवय पक्की होण्याचा मधला आंकडा ६६ दिवस निघाला. परंतु तो सर्वांस सारखा नव्हता. कोणास अठराच दिवस पुरले, आणि कोणाच्या बाबतींत अनुमान २५४ दिवसांपर्यंत गेलें.

हे आंकडे ऐकून आपल्या मनांत एक गोष्ट आल्यावांचून राहणार नाहीं. आपला प्रायश्चित्तकाळ, रविवार वगळतां, चाळीस दिवसांचा. राखेच्या बुधवारीं कित्येक बंधु मद्य वर्ज्य करितात, आणि तें व्रत प्रामाणिकपणें पाळतात, हें आम्हीं पाहिलें आहे. ईस्टरचा दिवस उजाडला म्हणजे त्यांस वाटतें कीं आतां आपण जिंकलों, एक प्याला घेतला तर काय बिघडलें? फळ खाण्याची संवय लावणें आणि मद्य सोडणें या अगदीं निराळ्या गोष्टी आहेत. दुसरी पहिलीहून कितीतरी कठीण, आणि तिला पुष्कळदां वैद्याचें साह्यही घ्यावें लागतें. परंतु फळ खाण्यासारख्या सोप्या गोष्टीलाही जर बहुतेकांस चाळीसांहून अधिक दिवस लागले, तर चाळिसाव्या दिवशीं कठीण गोष्ट पक्की झाली असें मानणें म्हणजे ओल्या भिंतीवर छप्पर चढविणें होय. ईस्टरनंतर पेंटेकॉस्टपर्यंत पन्नास दिवसांचा आनंदकाळ असतो. ज्यांनीं चाळीस दिवस पाळले त्यांनीं हे पन्नास दिवसही त्यांना जोडून घ्यावे, आणि घरच्यांनींही त्यांस या काळांत आग्रहानें पाजूं नये, एवढीच आमची विनंति आहे.

आतां आरंभ झाला. गति कशी राखावी? येथें एका विद्वानाचें उदाहरण देतों. महामहोपाध्याय डॉ. पांडुरंग वामन काणे यांचा जन्म १८८० सालचा. मुंबईच्या उच्च न्यायालयांत ते वकिली करीत. नीलकंठाच्या ‘व्यवहारमयूख’ या जुन्या धर्मशास्त्रीय ग्रंथाची त्यांनीं काढलेली आवृत्ति १९२६ सालीं प्रसिद्ध झाली. या आवृत्तीला धर्मशास्त्राच्या इतिहासाची एक प्रस्तावना जोडावी, एवढाच त्यांचा मूळ विचार होता. ती प्रस्तावना वाढतां वाढतां स्वतंत्र ग्रंथ झाली. ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’ या ग्रंथाचा पहिला खंड १९३० सालीं निघाला आणि पांचव्या खंडाचा अखेरचा भाग १९६२ सालीं. सारीं मिळून पृष्ठें साडेसहा हजारांहून अधिक. पुढच्याच वर्षीं, १९६३ सालीं, त्यांस ‘भारतरत्न’ हा बहुमान मिळाला.

साडेसहा हजार पृष्ठें म्हटल्यावर आपली छाती दडपते. परंतु थोडा हिशेब करूं. १९२६ पासून १९६२ पर्यंत वर्षें छत्तीस. त्या वर्षांच्या दिवसांवर तीं पृष्ठें वांटून दिलीं तर रोजचें जेमतेम अर्धें पान येतें. त्या अर्ध्या पानामागें किती ग्रंथ पालथे घालावे लागले असतील, याची कल्पना आपणांसारख्यांस यावयाची नाहीं. आणि लेखन कांहीं असें समसमान वांटलेलें नसतें, हेंही खरें. तरी पण वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षीं ‘मी आतां साडेसहा हजार पृष्ठें लिहितों’ असें म्हणून कोणी लेखणी उचलीत नाहीं. दुसरी गोष्ट अशी कीं त्यांनीं सारा ग्रंथ पुरा होईपर्यंत घरांत दडवून ठेविला नाहीं. १९३०, १९४१, १९४६, १९५३ अशा टप्प्यांनीं एकेक खंड बाहेर पडत गेला. प्रत्येक खंड हें स्वतःपुरतें पुरें झालेलें काम होतें. आपल्या हेतूचेही असे खंड पाडावे. घर बांधणाऱ्यानें प्रथम एकच खोली राहण्याजोगी करावी. शिवण शिकणाऱ्या मुलीनें पहिल्या महिन्यांत धाकट्या भावाचा एक सदरा पुरा करून त्याच्या अंगावर घालावा. पुऱ्या झालेल्या लहान कामांतून मिळणारें समाधान हें पुढच्या कामाचें वंगण असतें.

दुसरें उदाहरण एका बाईचें आहे, आणि तें आम्हांस पहिल्याहूनही जवळचें वाटतें. लक्ष्मीबाई टिळक यांचा जन्म १८६८ सालचा. त्या शाळेंत गेल्या नव्हत्या. लग्नानंतर घरींच त्यांस लिहितां वाचतां येऊं लागलें. त्यांचे पति रेव्हरंड नारायण वामन टिळक हे नामांकित कवि. प्रभु येशूच्या चरित्रावर ‘ख्रिस्तायन’ नांवाचें महाकाव्य लिहावयास त्यांनीं आरंभ केला होता. परंतु १९१९ सालीं त्यांचा अंत झाला तेव्हां साडेदहाच अध्याय लिहून झाले होते. लक्ष्मीबाईंनीं तें काव्य पुढें हातीं घेतलें. त्यांनीं चौसष्ट अध्याय लिहिले. १९३६ सालीं त्या वारल्या; त्यांचे चिरंजीव देवदत्त यांनीं शेवटचा अध्याय लिहिला, आणि १९३८ सालीं ग्रंथ प्रसिद्ध झाला. याच लक्ष्मीबाईंचीं ‘स्मृतिचित्रें’ मराठी गद्याचें भूषण मानलीं जातात. ज्यांना बालपणीं पाटीला हात लावावयास मिळाला नाहीं त्यांच्या लेखणीची ही कमाई आहे.

साडेदहा या आंकड्यांतल्या अर्ध्याकडे आपण क्षणभर पाहावें. लक्ष्मीबाई पहिल्या अध्यायाकडे परत गेल्या नाहींत. जेथें हात थांबला होता तेथूनच त्यांचा हात चालूं लागला. आपण नेमकें याच्या उलट करितों. वर्षभर खंड पडला म्हणजे आपण नवी वही आणतों, जुनी टाकून देतों आणि पुन्हा पहिल्या धड्यापासून आरंभ करितों. पहिला धडा दहा वेळां होतो, अकरावा कधींच होत नाहीं. ज्याचें काम अर्ध्यांत राहिलें असेल त्यानें तें अर्धें हीच आपली ठेव समजावी. जेवढें झालें आहे तेवढें कोणी हिरावून नेलेलें नाहीं.

झालेल्या कामाची जाणीव माणसास कशी ओढून नेते, याचा एक गमतीचा प्रयोग अमेरिकेंत झाला. जोसेफ न्यून्स आणि झेव्हिये द्रेझ या दोन प्राध्यापकांनीं तो २००६ सालीं प्रसिद्ध केला. मोटारी धुण्याच्या एका ठिकाणीं तीनशें गिऱ्हाइकांस पत्रिका वांटल्या. निम्म्यांच्या पत्रिकेवर आठ रिकामे चौकोन होते. आठ वेळां मोटार धुवून घेतली म्हणजे एक खेप फुकट. उरलेल्यांच्या पत्रिकेवर चौकोन दहा होते, परंतु त्यांतल्या दोहोंवर आधींच शिक्का मारून दिलेला होता. म्हणजे दोघांनाही आठच खेपा करावयाच्या होत्या. तरी पहिल्यांपैकीं शेंकडा १९ जणांनीं पत्रिका पुरी केली, आणि दुसऱ्यांपैकीं शेंकडा ३४ जणांनीं. आपण आरंभ करूनच बसलों आहों, असें ज्यास वाटलें तो पुढें गेला. ही युक्ति दुकानदारानेंच कां वापरावी? रात्रीं पुस्तक मिटतांना विद्यार्थ्यानें उद्यांचें पहिलें गणित वहींत उतरवून त्याची पहिली पायरी सोडवून ठेवावी. सकाळीं तो कोऱ्या पानापुढें बसणार नाहीं. चालत्या कामापुढें बसेल.

आपल्या वसईच्या वाड्यांतून एके काळीं रहाट चालत, हें येथील जुन्या माणसांस सांगावयास नको. जनावर गोल फिरे, लांकडी चाकाचे दांते एकमेकांत अडकून दुसरें चाक फिरवीत, आणि मडक्यांची माळ विहिरींतून भरून वर येऊन पन्हळींत रिती होई. त्या पाण्यावर केळी आणि पानवेली वाढल्या. आतां पाहा, भरलेलीं मडकीं वर चढत असतांना जनावर थबकलें तर काय होईल? एका बाजूचें सारें ओझें खालीं ओढूं लागेल आणि चाक उलट फिरेल. हें घडूं नये म्हणून रहाटाला एक आडकाठी लावण्याची रीत असे. ती चाक पुढें जाऊं देते, मागें येऊं देत नाहीं. जनावरानें श्वास घेतला तरी वर आलेलें पाणी वरच राहतें. गति राखण्याचें मर्म या लहानशा आडकाठींत आहे असें आम्हांस वाटतें. माणूस थकणारच, थकल्यावर त्याचें चाक उलट फिरूं नये, एवढी तजवीज त्यानें आधींच करून ठेवावी.

पैशाच्या बाबतींत ही तजवीज आपल्या पूर्वजांस चांगली साधली होती. हातांत आलेला पैसा हातांत राहत नाहीं, हें अनुभवाचें ज्ञान. १९१८ सालीं मोन्सेनियर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकारानें वसईंत बॅसिन कॅथॉलिक सहकारी पतपेढी स्थापन झाली. तीच आजची बॅसिन कॅथॉलिक सहकारी बँक. पतपेढींत भरलेली अल्प रक्कम ही रहाटाची आडकाठीच होय. ती एकदां खात्यांत जमा झाली कीं बाजारच्या दिवशीं मोह झाला तरी हात सहज पोंचत नाहीं. थेंबें थेंबें तळें सांचतें खरें, परंतु तळ्याला बांध असेल तरच. विद्येच्या बाबतींत बांध म्हणजे लिहून ठेवलेली टिपणवही. व्यायामाच्या बाबतींत सकाळीं दाराशीं येऊन हांक मारणारा मित्र. व्यसनमुक्तीच्या बाबतींत ज्याच्यापुढें खरें बोलतां येतें असा एखादा माणूस.

आणि एवढें करूनही एखादा दिवस चुकेल. कोणाचें तरी लग्न निघेल, पावसानें गाडी अडेल, अंगांत ताप भरेल. त्या दिवशीं बहुतेक माणसें स्वतःस दोष देत बसतात आणि ‘एक दिवस मोडला तर नेमच मोडला’ असें म्हणून दुसरा दिवसही सोडून देतात. वर सांगितलेल्या लंडनच्या प्रयोगांत या शंकेलाही उत्तर मिळालें आहे. एखादी खेप चुकल्यानें संवय पक्की होण्याच्या क्रमांत म्हणण्यासारखा बिघाड झाला नाहीं. चुकलेल्या दिवसापेक्षां त्याच्या दुसऱ्या दिवसाला अधिक जपावें. त्या दिवशीं नेमाचा सगळा भाग झाला नाहीं तरी चालेल. दहा ओळींच्या जागीं एकच ओळ वाचावी, परंतु त्याच खुर्चीवर बसून वाचावी.

येथवर आम्हीं जें बोललों तें ऐकून एखादी माउली मनांत म्हणत असेल, ‘हें सारें ज्यांचा दिवस त्यांच्या हातीं आहे त्यांच्यासाठीं. माझा दिवस माझा आहे कोठें?’ तिचें म्हणणें खरें आहे, आणि आम्ही तें टाळून पुढें जाऊं इच्छित नाहीं. मघाशीं ज्या मुलीविषयीं आम्ही बोललों ती आळशी नव्हती. तिच्या पहांटेवर प्रथम पाहुण्यांनीं हक्क सांगितला, मग आजाऱ्याच्या शुश्रूषेनें. घरांतल्या मुलग्याची परीक्षा असते तेव्हां घरांत आवाज बंद होतो, दिवा त्याच्या टेबलावर जातो, आणि पाहुण्यांस ‘सध्यां येऊं नका’ असें सांगण्याचें धैर्यही बापाच्या अंगीं येतें. मुलीच्या परीक्षेच्या वेळीं हें सारें कोठें जातें? भरलेली गाडी हालविण्यास दोघांतिघांनीं चाकाला हात लावावा लागतो असें आम्हीं म्हटलें. तो हात घरच्यांचा आहे. रोज अर्ध्या तासापुरतें तिचें काम दुसऱ्या कोणीं उचललें तर तेवढ्यानें एखादें आयुष्य मार्गाला लागतें. उपदेश करण्यापेक्षां भांडीं घासून देणें हें या प्रसंगीं श्रेष्ठ साह्य होय.

आपल्या समाजालाही एक सुचवावेसें वाटतें. आपण आरंभाचें कौतुक फार करितों. कोणी क्लास लावला, धंदा काढला, शपथ घेतली, कीं अभिनंदनाचा वर्षाव होतो. तीन महिन्यांनीं त्याच माणसास भेटल्यावर ‘कोठवर आलें?’ असा प्रेमाचा प्रश्न मात्र आपण विचारीत नाहीं. विचारला तरी त्यांत टोमण्याची धार असते. रविवारीं मिस्सा आटोपल्यावर मंदिराच्या आवारांत आपण कितीतरी वेळ बोलत उभे राहतों. त्या बोलण्यांत हा एक प्रश्न निर्मळ मनानें विचारण्याची रीत पडली, तर पुष्कळांच्या चाकाला आडकाठी लागेल.

कोणी म्हणेल, ‘माझी चाल फार मंद आहे, बरोबरीचे पुढें निघून गेले.’ त्यांच्यासाठीं आपल्याच परंपरेंतलें एक नांव घेतों. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडांत जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरु १५७९ सालीं गोव्यास आले. मराठी ही त्यांची जन्मभाषा नव्हती. त्यांचें ओंवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ राचोल येथें छापलें गेलें तें १६१६ सालीं. ओंव्यांची संख्या सुमारें अकरा हजार. गोव्याच्या किनाऱ्यावर पाय ठेवल्यापासून तो ग्रंथ हातीं येईपर्यंत सदतीस वर्षें लोटलीं, आणि पुढें तीनच वर्षांनीं, १६१९ सालीं, त्यांनीं देह ठेविला. परक्या भाषेचें पहिलें अक्षर गिरविणाऱ्यापासून त्या भाषेचा कवि होण्यापर्यंतची ही वाट कोणालाही एका उडींत चालतां येणार नाहीं. मंद चालणारा आणि थांबलेला हे दुरून सारखेच दिसतात. जवळ जाऊन पाहिल्याशिवाय त्यांतला भेद कळत नाहीं.

आणखी एक गोष्ट सांगून आम्ही आपलें भाषण आटोपतें घेतों. प्रत्येक हेतु शेवटास न्यावाच असें नाहीं. कांहीं हेतु दुसऱ्याच्या हौसेनें धरलेले असतात, कांहीं वयाबरोबर निरर्थक होतात, आणि कांहींच्या पायीं घरच्यांचे हाल होतात. असा हेतु विचार करून, चार शहाण्यांस विचारून, उघडपणें खालीं ठेवावा; त्यांत कमीपणा नाहीं. मात्र तो आपण ठेवला कीं आपल्या हातून गळून पडला, हें स्वतःशीं स्पष्ट असूं द्यावें. ठेवलेलें ओझें पाठ हलकी करितें. गळून पडलेलें ओझें वर्षानुवर्षें मनांत खुपत राहतें.

आज रात्रीं घरीं गेल्यावर आपणांपैकीं प्रत्येकानें आपल्या एका अर्धवट राहिलेल्या कामाची वही, पेटी किंवा पासबुक कोठें आहे तें शोधून काढावें आणि उद्यां सकाळीं दृष्टीस पडेल अशा जागीं ठेवावें. एवढेंच. कामाला हात उद्यां लावावा. आणि ज्यांच्या घरांत दुसऱ्या कोणाची वही अशी उघडी दिसेल, त्यांनीं तिच्यावरून कांहीं न बोलतां दिवा जरा जवळ सरकवून द्यावा.